साठीनंतर वडिलांचा स्वभाव बदलला, तर ते वय समजावे की आजार?

गोदाकाठची लेक (धागाकर्ती)

माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी समाधानात घालवली. सकाळी फिरणे, दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणे आणि संध्याकाळी मुक्तिधामच्या बाजूला मित्रांची बैठक, असा त्यांचा दिवस ठरलेला असे. शिस्तीचे गृहस्थ म्हणून ते ओळखले जात. कधी रागावतही, पण राग कशाचा आहे हे समोरच्याला कळत असे आणि जेवायच्या वेळेपर्यंत तो ओसरलेला असे.

गेल्या वर्षभरात हे सारे पालटले आहे. भाजीत मीठ कमी पडले, नातवाने टीव्हीचा आवाज वाढवला, रिक्षावाल्याने सुटे पैसे नाहीत म्हटले, अशा कारणांवरून त्यांचा पारा चढतो आणि पुष्कळ वेळ उतरत नाही. आईला ते पूर्वी कधी वावगा शब्द बोलले नव्हते. आता तिने गोळीची आठवण करून दिली तरी तिच्यावर तोंड टाकतात. मित्रांची बैठक त्यांनी सोडून दिली आहे आणि बँकेचे पासबुक ते उशीखाली ठेवू लागले आहेत. संध्याकाळी हे सर्व अधिक जाणवते. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत आणि त्यांच्या गोळ्या अनेक वर्षांपासून चालू आहेत.

नातेवाइकांचे म्हणणे एकच आहे: वय झाले, साठी बुद्धी नाठी, तुम्ही मनावर घेऊ नका. मला हे पटत नाही. त्यांचा गुडघा दुखू लागला असता तर याच नातेवाइकांनी आम्हाला चार डॉक्टरांची नावे सुचवली असती. स्वभाव बदलला तर मात्र सहन करा एवढाच सल्ला मिळतो. वयस्कर पुरुषांमध्ये असा बदल कशाकशामुळे होऊ शकतो, कोणाकडे आधी जावे, आणि 'मला काहीही झालेले नाही' असे ठामपणे सांगणाऱ्या माणसाला डॉक्टरांपर्यंत कसे न्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सिडकोवासी

ताई, आपली काळजी समजते, परंतु निवृत्त पुरुषाच्या मनाची बाजूही लक्षात घ्यावी असे वाटते. ज्याच्या शब्दाला पाळीवर किंमत होती, त्याला घरात कोणी विचारत नाही, हे दुःख लहान नाही. माझ्या काकांचेही असेच झाले होते. सोसायटीच्या हिशेबाचे काम त्यांच्याकडे सोपवल्यावर त्यांचा स्वभाव पुष्कळ निवळला. प्रत्येक गोष्टीला आजाराचे नाव देऊन माणसाला दवाखान्यात फिरवण्यापेक्षा आधी त्याला मानाचे एखादे काम द्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड

काम आणि मान यांचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु या प्रकरणात क्रम उलटा ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. वडिलांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि ती त्यांनी आनंदात काढली आहेत. बदल गेल्या वर्षातला आहे. निवृत्तीचे कारण येथे वेळेच्या हिशेबात बसत नाही.

म्हातारपणी माणूस चिडका होतोच, हा समज मुळात चुकीचा आहे. व्यक्तिमत्त्वाचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्यांना सर्वसाधारणपणे याच्या उलट आढळले आहे: वय वाढत जाते तसा माणूस सरासरीने अधिक समजूतदार आणि जुळवून घेणारा होतो, आणि क्षुल्लक गोष्टींवरून त्याचा तोल जाण्याचे प्रमाण कमी होते. म्हणून जन्मभर शांत असलेला गृहस्थ साठीनंतर चिडखोर, संशयी किंवा बेफिकीर झाला, तर तो बदल लक्षण म्हणून पाहावा लागतो. डिमेन्शियाच्या, म्हणजे मेंदूच्या ऱ्हासामुळे स्मरणशक्ती, समज किंवा वागणे बिघडत जाणाऱ्या आजारांच्या, क्षेत्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये या विषयी निकष मांडले. पन्नाशीनंतर प्रथमच दिसू लागलेला आणि किमान ६ महिने टिकलेला वागणुकीतील बदल, स्मरणशक्ती चांगली असली तरी, मेंदूच्या आजाराची पूर्वसूचना असू शकतो, असे ते निकष सांगतात. असू शकतो, असे मी मुद्दाम लिहीत आहे; प्रत्येक वेळी तसे असतेच असे नाही.

माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असे: बदल किती दिवसांत झाला? परवापर्यंत ठीक असलेला माणूस कालपासून असंबद्ध बोलतो, रात्री उठून आरडाओरडा करतो, मध्येच गुंगीत जातो आणि मध्येच चांगला बोलतो, असे असेल तर ती तातडीची अवस्था आहे. तिला डिलिरियम म्हणतात. लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, कित्येक दिवसांचा मलावरोध, शरीरातील पाणी कमी होणे, रक्तातील सोडियम घसरणे, नवीन सुरू झालेली गोळी किंवा रोजची दारू एकाएकी बंद होणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. वयस्कर माणसाला संसर्ग असून ताप येतच नाही, असेही पुष्कळदा घडते. अशा रुग्णाला सकाळची वेळ मिळेपर्यंत घरी ठेवू नये.

काही आठवड्यांत झालेला बदल असेल तर मी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगत असे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी सोडियम कमी होते आणि माणूस सुस्त, गोंधळलेला, चिडका होतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेल्या स्टेरॉइडने झोप उडते आणि वागणे उत्तेजित होते. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटॅमने चिडचिड वाढू शकते. दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असते. तरुणाला तिने नुसती झोप येते, पण ७५ वर्षांच्या माणसाची मती गोंधळू शकते. झोपेसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या अल्प्राझोलामचेही तसेच आहे. कोणतीही गोळी घरच्या घरी बंद करू नका, परंतु सर्व पिशवी डॉक्टरांना दाखवा, आयुर्वेदिक पुड्यांसकट.

ताईंच्या वडिलांना मधुमेह आहे, म्हणून दोन गोष्टी वेगळ्याने सांगतो. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि घर शाकाहारी असेल तर ती शक्यता आणखी वाढते. बी-१२ च्या कमतरतेमुळे हातापायांना मुंग्या येतात एवढेच लोकांना ठाऊक असते. पण त्याने चिडचिड, संशय, विसरभोळेपणा आणि उदासीही येते, आणि कधी कधी हिमोग्लोबिन ठीक असतानाही येते. दुसरी गोष्ट ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांची किंवा इन्सुलिनची. जेवणाला उशीर झाला किंवा एकादशीचा उपवास धरून गोळी नेहमीसारखी घेतली, तर साखर उतरते. तेव्हा घाम, थरथर आणि विनाकारण संताप येतो, आणि खाल्ल्यावर माणूस थोड्या वेळात शांत होतो. संताप जेवणाच्या आधी येतो का, याची नोंद घरच्यांनी ठेवली आणि त्याच क्षणी ग्लुकोमीटरने साखर मोजली, तर निदान स्वयंपाकघरातच होऊन जाते.

बदल महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेला असेल तर नैराश्य, थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, लहान लहान पक्षाघात, पार्किन्सन आणि डिमेन्शिया यांचा विचार करावा लागतो. भारतात ६० वर्षांवरील लोकांमध्ये डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. ही संख्या पाहता, दर वेळी 'वय झाले' म्हणून विषय मिटवणे परवडणारे नाही.

सातपूरकर

डॉक्टरांनी आठवड्यांचा उल्लेख केला आहे, त्याला माझ्या घरचा अनुभव जोडते. माझे सासरे स्नानघरात घसरले होते. डोक्याला थोडे टेंगूळ आले, रक्त आले नाही, दुसऱ्या दिवशी ते स्वतः दूध आणायला गेले. काही आठवड्यांनी ते एकाएकी तिरसट झाले. नातवंडांवर हात उगारू लागले, दिवसा झोपू लागले, डोके जड असल्याची तक्रार करू लागले आणि चालताना एका पायातील चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे. आमच्यापैकी कोणाच्याही मनात त्या पडण्याचा विचार आला नाही, इतके ते किरकोळ वाटले होते. सीटी स्कॅनमध्ये मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये हळूहळू साचलेले रक्त दिसले. हृदयासाठी ते रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. कवटीला छोटे छिद्र पाडून ते रक्त काढल्यावर पूर्वीचे सासरे आम्हाला परत मिळाले.

वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्या पृष्ठभागावरील शिरा ताणल्या जातात, त्यामुळे लहानशा धक्क्यानेही त्या फाटू शकतात, असे आम्हाला तेव्हा समजावून सांगण्यात आले. मागील दोन-तीन महिन्यांत ते कुठे पडले, आपटले किंवा दुचाकीवरून घसरले होते का, हे ताईंनी वडिलांना शांतपणे विचारावे. पुरुष हे सांगत नाहीत. पडणे त्यांना कमीपणाचे वाटते.

जुना प्रेसवाला

मी स्वतः ७४ वर्षांचा आहे आणि घरात मला चिडका म्हणतात, म्हणून या बाजूनेही कोणी लिहावे असे वाटले.

मला ऐकू येत नव्हते, आणि ऐकू येत नाही हे मला ठाऊक नव्हते. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेले. आवाज कानावर पडतो, पण त्यातील शब्द सुटे होत नाहीत. विशेषतः बायकांचे आणि मुलांचे बोलणे नुसते कुजबुजल्यासारखे वाटते. सून स्वयंपाकघरातून काही विचारते, मी अर्धे ऐकून भलतेच उत्तर देतो, सगळे हसतात आणि माझ्या डोक्यात राख जाते. चार माणसांच्या बैठकीत एकाच वेळी दोघे बोलू लागले की मला तेथून उठून जावेसे वाटे. ताईंच्या वडिलांनी मित्र सोडले हे वाचताना मला सर्वांत आधी त्यांच्या कानांचा विचार आला. हल्ली मी श्रवणयंत्र लावतो. त्याची सवय व्हायला बराच काळ गेला, कारण सुरुवातीला भांड्यांचा आवाज असह्य होतो, पण आता घरातले बोलणे मला समजते. मुलांना माझी विनंती आहे की ओरडून बोलू नका, समोर येऊन बोला.

दुसरी गोष्ट झोपेची. प्रोस्टेटच्या त्रासामुळे रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. ज्याची झोप वर्षभर तुकड्यातुकड्यांनी झाली आहे, त्याच्याकडून सकाळी गोड शब्दांची अपेक्षा करणे कठीण आहे. गोळीने मला पुष्कळ फरक पडला. ही तक्रार मी घरात कोणालाही सांगितली नव्हती, कारण सुनेसमोर लघवीचा विषय कसा काढावा हे आमच्या पिढीतील माणसाला कळत नाही.

आणि तिसरी गोष्ट थोडी कठीण आहे. मला डॉक्टरांकडे नेले तेव्हा मुलगा माझ्यासमोर माझ्याविषयी बोलत होता, डॉक्टरही त्याच्याकडे पाहून बोलत होते. मी खुर्चीत बसलेलो असताना माझ्या स्वभावाची तक्रार वाचली जात होती. ते सर्व खरे होते, तरीही मी त्या दिवशी पुन्हा त्या दवाखान्याची पायरी न चढण्याचे ठरवले. वडिलांना नेणार असाल तर आधी त्यांना त्यांचे म्हणणे मांडू द्या. त्यांना काय खुपते हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुमची निरीक्षणे एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे वेगळी पोहोचवता येतात.

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड

काकांनी कानांविषयी लिहिले ते अत्यंत महत्त्वाचे आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची शक्यता वाढवणारे आणि टाळता किंवा सुधारता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत आणि ऐकू कमी येणे हा त्यांतील एक मोठा घटक आहे. श्रवणचाचणी सोपी असते, तिच्यासाठी सुई टोचावी लागत नाही, आणि 'वेडाचा डॉक्टर' या शब्दाला बिचकणारा माणूसही तिला सहसा नकार देत नाही. वडिलांना घराबाहेर काढण्याची सुरुवात तिथूनही करता येईल.

द्वारकेचा रहिवासी

पुरुषांमध्येही स्त्रियांप्रमाणे संप्रेरके (हार्मोन्स) कमी होतात आणि त्यामुळे चिडचिड होते, असे वाचले होते. हल्ली टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातीही पुष्कळ दिसतात. माझे मोठे बंधू स्वतःच ती औषधे मागवण्याच्या विचारात आहेत. याविषयी डॉक्टरसाहेबांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड

या कल्पनेचा उगम मेंढ्यांमध्ये आहे. जेराल्ड लिंकन या एडिनबरोच्या संशोधकाने सोए जातीच्या मेंढ्यांचा अभ्यास केला. माजाचा हंगाम संपून टेस्टोस्टेरॉन घसरले की नर अस्वस्थ आणि भेदरट होतात, असे त्याने पाहिले आणि २००१ मध्ये त्या अवस्थेला 'इरिटेबल मेल सिंड्रोम', म्हणजे चिडक्या नराची अवस्था, असे नाव दिले. तेच नाव पुढे माणसांच्या बाबतीत सर्रास वापरले जाऊ लागले. माणसांत मात्र अशी ऋतुमानाप्रमाणे घसरण होत नाही. तिशी-चाळिशीनंतर पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन दरवर्षी साधारण १ टक्क्याने कमी होते आणि बहुतेकांना त्याचा वेगळा त्रास जाणवत नाही. स्त्रियांच्या रजोनिवृत्तीसारखा निश्चित टप्पा पुरुषांत नसतो.

काही जणांमध्ये पातळी खरोखर फार कमी असते. लठ्ठपणा, मधुमेह, अंडकोषांचे किंवा पिट्यूटरी ग्रंथीचे आजार, तसेच प्रोस्टेटच्या कर्करोगावरील संप्रेरक-उपचार ही त्याची कारणे असतात. निदानासाठी सकाळच्या वेळी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करावी लागते आणि जोडीला तशी लक्षणेही असावी लागतात. उपचार चालू असताना रक्त दाट होत नाही ना आणि प्रोस्टेट ठीक आहे ना, यावर लक्ष ठेवावे लागते. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना तर या औषधाने अपाय होऊ शकतो. बंधूंनी जाहिरात पाहून काहीही मागवू नये. मला अधिक भीती वाटते ती याची, की संप्रेरकांचे सोयीचे कारण सापडल्यामुळे नैराश्याची तपासणी राहून जाईल.

समुपदेशक, इंदिरानगर

नैराश्याचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबून लिहिते, कारण पुरुषांचे नैराश्य रागाच्या आड दडते आणि म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. स्त्री रडते, झोपून राहते, कोणाजवळ तरी बोलते. आपल्याकडील वयस्कर पुरुष रडत नाही. तो ताट सरकवतो, दार आपटतो, अबोला धरतो, लवकर उठून अंधारात बसून राहतो. पोट साफ होत नाही, अंग दुखते, अशा तक्रारींसाठी तो दहा वेळा दवाखान्यात जातो, पण मन लागत नाही असे एकदाही म्हणत नाही. पूर्वी ज्यात रस होता ते सुटले आहे का, भूक आणि झोप बदलली आहे का, 'आता माझा काय उपयोग' अशा अर्थाचे बोलणे वाढले आहे का, हे घरच्यांनी पाहावे. पत्नीच्या निधनानंतर, मोठ्या आजारानंतर किंवा आर्थिक फटक्यानंतर हे विशेष दिसते. उतारवयातील नैराश्यावर औषधांचा आणि समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, आणि म्हणून ते न ओळखता राहून जाणे मला फार लागते.

एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. वयस्कर पुरुषांमध्ये आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि ते आधी धमक्या देत बसत नाहीत. मरणाविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही, उलट विचारल्यामुळे माणसाला बोलायला वाट मिळते. आपल्या जिल्ह्यात घरोघरी बागायत आहे आणि फवारणीची औषधे अनेकदा पडवीतच ठेवलेली असतात. घरात असा माणूस असेल तर ती औषधे कुलपात, शक्यतो घरापासून दूर ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि घरच्या माणसांनीही त्यावर सल्ला विचारावा. जिल्हा शासकीय रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे.

दारूविषयी दोन वाक्ये. तरुणपणी पचणारे दोन पेले सत्तरीत पचत नाहीत, कारण शरीरातील पाण्याचे प्रमाण घटलेले असते आणि सोबत गोळ्याही असतात. संध्याकाळचा संताप आणि संध्याकाळचा पेला यांची वेळ एकच आहे का, हे पाहावे. आणि रोज पिणाऱ्याची दारू मात्र एका दिवसात घरीच बंद करू नये, कारण त्यातून जिवावर बेतू शकते.

निफाडची बागाईतदारीण

या धाग्यावर लिहावे की नाही याचा बराच विचार केला. माझ्या यजमानांचे वय ५८ आहे आणि त्यांना डिमेन्शिया आहे, परंतु विसरणे हे त्यांचे लक्षण नव्हतेच. म्हणूनच लिहिते.

द्राक्षांच्या छाटणीच्या तारखा, फवारण्यांचे वेळापत्रक, व्यापाऱ्याकडे अडकलेली रक्कम, सारे त्यांना तोंडपाठ होते. बदलले ते माणूसपण. माझ्या आईच्या दशक्रियेला गोदाकाठी सर्व आप्त जमलेले असताना ते मोठ्याने हसले आणि जेवणात जिलेबी आहे का असे विचारत फिरले. आयुष्यभर चहात अर्धा चमचा साखर घेणारा माणूस गूळ आणि पेढे चोरून खाऊ लागला. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी एकदाही विचारपूस केली नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी मोठी रक्कम उसनी देऊन टाकली. मजुरांना टाकून बोलू लागले. गावात लोक म्हणाले की पैसा आला आणि माणूस माजला. सासूबाई म्हणाल्या की कोणीतरी करणी केली आहे. स्मरणशक्तीची चाचणी झाली, तिच्यात ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले आणि आम्हाला घरी पाठवण्यात आले.

पुढे न्यूरॉलॉजिस्टनी माझ्याशी स्वतंत्रपणे, पुष्कळ वेळ बोलून, मग एमआरआय पाहून फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असे निदान केले. या आजारात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांकडचा भाग आधी झिजतो. दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव, लाज, संयम, कुठे काय बोलावे याचे भान, हे सारे तिथून चालते. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, म्हणून लोकांना तो म्हातारपणाचा आजार वाटत नाही आणि स्वभावाचा दोष वाटतो. अल्झायमर या डिमेन्शियाच्या अधिक आढळणाऱ्या प्रकारासाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचा यात उपयोग होत नाही, कधी कधी त्यांनी अस्वस्थता वाढते. आजार थांबवणारे औषध आज नाही, हे मला स्पष्ट सांगण्यात आले. ते ऐकूनही मला हलके वाटले, कारण माझ्या बत्तीस वर्षांच्या संसारातील माणूस वाईट झालेला नाही, तो आजारी आहे, हे मला तेव्हा कळले.

वाद घालणे आम्ही पूर्णपणे सोडले. त्यांची चूक पटवून द्यायला गेले की दिवस वाया जातो. विषय बदलला, बागेत एक फेरी मारून आणली की ते विसरतात. दिवसाचा क्रम आम्ही बदलत नाही. गोड पदार्थ समोर ठेवत नाही. ट्रॅक्टरची आणि मोटारसायकलची किल्ली भावजींकडे असते. बँकेचे आणि जमिनीचे व्यवहार मात्र वेळीच वकिलांना विचारून करावेत, असे मी हात जोडून सांगते, कारण माणसाची समज शाबूत आहे तोवरच त्याच्या सहीला अर्थ असतो. माझ्यासाठी महिन्यातून काही दिवस नणंद येऊन राहते. तिच्याविना माझा निभाव लागला नसता.

धागा वाचणारी एक सून

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक अवघड प्रश्न विचारते. माझे सासरे तरुणपणापासून असेच आहेत. सासूबाईंनी आयुष्यभर मार खाल्ला. आता तेच वागणे आजार म्हणून समजून घ्यायचे का? आणि नवीन आजारामुळे कोणी हात उगारत असेल, तर घरच्या बाईने काय करायचे?

समुपदेशक, इंदिरानगर

आपला प्रश्न अत्यंत रास्त आहे. या धाग्यात आपण सर्व जण बोलत आहोत ते बदललेल्या स्वभावाविषयी. जो माणूस पूर्वीपासून मारत आला आहे, त्याच्या वागण्याला उतारवयात वैद्यकीय नाव देऊन सासूबाईंच्या सोसण्यावर पांघरूण घालता येणार नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा सत्तरीतील पत्नीलाही लागू आहे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवरही त्यांना बोलता येईल.

आजारातून हिंसा होत असेल तरी घरातील बाई सुरक्षित राहणे हेच पहिले. तशा वेळी समजावत उभे राहू नये. बाजूला व्हावे, खोलीबाहेर यावे, शेजाऱ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवावी, काठी, कोयता, सुरी नजरेआड ठेवावी आणि डॉक्टरांना हे लाजेने न लपवता सांगावे. हिंसा एकाएकी सुरू झाली असेल तर वर डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला डिलिरियम आधी पाहावा. न सांगता येणारी वेदनाही कारण असू शकते. दाढ दुखत असलेला रुग्ण आंघोळ घालणाऱ्याला मारतो, असे मी पाहिले आहे.

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड

याला औषधांविषयी एक पुरवणी. शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मानसोपचाराच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. डिमेन्शियाचा 'ल्युई बॉडी' नावाचा एक प्रकार आहे. त्यात नसलेली माणसे किंवा प्राणी दिसतात आणि हालचाली मंदावतात. त्या रुग्णांना ही औषधे विशेष बाधतात. कधी ती द्यावीच लागतात, परंतु कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. शेजाऱ्याच्या आजोबांना लागू पडलेली गोळी आपल्या घरी आणू नये. जेवणात गुपचूप गोळी मिसळण्याचा मार्गही धरू नये. आधीच संशयी झालेल्या माणसाला ते एकदा कळले की तो अन्नच नाकारतो.

गोदाकाठची लेक (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या प्रेसवाल्या काकांचे लिहिणे मी आईला वाचून दाखवले आणि आम्ही सुरुवात कानांपासूनच केली. मधुमेहाची नेहमीची तपासणी आणि जोडीला कान दाखवणे, एवढेच वडिलांना सांगितले. ते खरेही होते आणि त्यांनी ते मान्य केले. दवाखान्यात आधी ते स्वतः बोलले. रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते हे आईलाही माहीत नसलेले दुखणे त्यांनी तिथे पहिल्यांदा सांगितले. माझा कागद मी आधीच दिला होता: बदल केव्हापासून आहे, कोणत्या वेळी वाढतो, पूर्वी ते कसे होते, कोणत्या गोळ्या कधीपासून आहेत, कुठे पडले होते का.

दोन्ही कानांनी उच्च स्वरातील आवाज बरेच कमी ऐकू येतात, असे निघाले. बी-१२ कमी आहे आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली आहेत. सोडियम आणि थायरॉइड ठीक आहेत. प्रोस्टेटसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जायचे आहे. न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या महिन्यातील मिळाली आहे. घरात आता दोन मते आहेत. माझे सख्खे काका म्हणतात की कारण सापडले, आता मेंदूच्या डॉक्टरांची गरज नाही. पासबुक मात्र अजून उशीखालीच आहे. डॉक्टरसाहेब, आपले मत काय?

निवृत्त फिजिशियन, गंगापूर रोड

वेळ रद्द करू नका. या वयात एकाच माणसात दोन-तीन कारणे एकत्र नांदतात आणि एक सापडले म्हणून दुसरे नसते असे होत नाही. बी-१२ भरून निघाल्यावर मनाच्या लक्षणांत फरक दिसायला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात, आणि कान व झोप सुधारल्याशिवाय घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत माणूस आहे त्यापेक्षा कमी गुण मिळवतो. म्हणून न्यूरॉलॉजिस्टना हे सर्व अहवाल दाखवा, पहिली चाचणी आता होऊ द्या आणि तीच चाचणी उपचारानंतर सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या. तोपर्यंत आपला तो कागद चालू ठेवा. पासबुकाविषयी त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त ते पैशांच्या हिशेबात चुकतात का, तीच शंका पुन्हा पुन्हा विचारतात का आणि ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का, एवढे तारखेसह लिहून ठेवा, कारण न्यूरॉलॉजिस्ट सर्वांत आधी हेच विचारतील.